लिफ्ट वापरायची नाही

हॅलो?… बोल गं. थांब, शिलाई मशीन बंद करते… हं, आता बोल. आला का बाबांचा रिपोर्ट?

काय? मेंदूत?… अगं, आपण दाखवायला गेलो साखर न् ब्लडप्रेशर, त्यात मेंदू कुठून आला?… हो, हो, ऐकतेय… मेंदूच्या खाली ग्रंथी… वाटाण्याएवढी… तिच्यावर गाठ. कॅन्सर?… नाही ना? नक्की नाही ना? हुश्श.

मग?… ती गाठ सारखे हुकूम सोडते… कुणाला?… मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना. आणि त्या गरज नसताना हार्मोन ओतत बसतात… त्यानंच साखर चढते, पोट सुटतं, प्रेशर वाढतं… म्हणजे खाण्यानं नाही?

… अगं, मी माप घेणारी बाई ना? त्यांच्या पॅन्टची कंबर उसवून सैल केली, आणि त्याच आठवड्यात शर्टाच्या बाह्या आत घेतल्या. हातांच्या काड्या न् पोट तेवढं पुढे! असं कुणाचं माप असतं का? मला वाटलं, चोरून खातात. बिस्किटांचा डबासुद्धा कुलपात ठेवला. हात धुऊन मागे लागले होते त्यांच्या. आणि हा माणूस एकदाही म्हणाला नाही, की मी खात नाही म्हणून… हो? तुला म्हणाले होते? मग मला का नाही… बरं, असू दे. ते नंतर.

हृदयाचं काय म्हणाले डॉक्टर?… भिंत जाड झालीय… धाप लागेल असं काही करायचं नाही… म्हणजे अजिबातच?

अगं बाई.

अगं, मीच खाली पाठवलंय त्यांना! दोऱ्याची रिळं आणायला… लिफ्ट आहे गं, चालू आहे, पण मीच बजावलंय ना, लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं नाही, पाचही मजले चढून यायचं, पोट उतरेल… रोज. हो, रोज!… ओरडू नकोस गं… फोन कसा करू, त्यांचा फोन इथंच चार्जिंगला… थांब, दार उघडते. ठेवू नकोस हं.

अहो!… अहो, ऐकू येतंय का?… आहेत, आहेत गं. खालच्या वळणावर दिसतायत. पायरीवर बसलेत, कठडा धरून… अहो, उठू नका! बसा तिथंच, मी येते!

…काय म्हणतायत? म्हणतायत, "लिफ्ट नाही वापरली हं… रागावू नकोस, आलोच."

तू गाडी बोलव. ठेव आता… ठेव!