बाहेरची कडी

नाही हो मिस्त्री, पाऊस नाही यायचा. सकाळपासून आभाळ असं दाबून बसलंय, पान हलत नाही, हवेत नुसती ओल — अशा दिवशी लाकूड फुगतं, तुम्हाला काय सांगायचं. त्या डोंगरापलीकडे आमचा देश. तिथंही आज हेच आभाळ असणार, ढगाला कुठला शिक्का लागतोय. — ठेवा, पेटी इथंच ठेवा. स्क्रू माझ्याकडे द्या, तळहातावर धरतो, एक सांडायचा नाही. चाळीस वर्षं दारंच बसवली मी. शाळेत काही गेलो नाही — म्हणजे गेलो एकदा, शाळेचं दार बसवायला.

कसं वाटतं इथं म्हणता? चांगलं आहे की. नळाला दिवसभर पाणी. तिकडे पहाटे तासभर यायचं, पण त्या तासात सगळी आळी भेटायची, कुणाची सून रुसली, कुणाचा खोकला वाढला, सगळं कळायचं. इथं पाणी भरपूर, भेटत कुणी नाही. तिकडे बसला कुठंही हात केला की थांबायची. इथं थांब्यावरच — मी पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या मधेच हात करून उभा, तर ड्रायव्हरनं मलाही हात केला आणि गेला निघून. हसा, हसा. सूनबाईही हसली होती. तेव्हा हसायची. — काय? कडी बाहेरून कशाला? मुलानं सांगितलं नाही होय तुम्हाला. घाईत असतो बिचारा.

समोर एक बाई राहतात, एकट्या. त्यांचं दार जमिनीला घासायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा — कर्रर्र. तुम्हीच सांगा, रोज असला आवाज ऐकून सुताराला घास गिळवतो का? तिकडे कुणाचं दार घासलं तर विचारत नसतात. सुतारानं रंधा घेऊन जायचं, काम करायचं, चहा प्यायचा. विचारलं तर उलट माणूस म्हणेल, मला परका समजलास काय. तर महिन्यापूर्वी बाई दार नुसतं लोटून कचरा टाकायला खाली गेल्या. मी हाक मारली, ओ नाही. म्हटलं, त्या वर येईस्तोवर होऊन जाईल. बिजागऱ्या खोलल्या, दार जिन्यात आडवं घातलं, त्यावर बसून रंधा मारायला लागलो. बाई आल्या तर घर बिनदाराचं. मी म्हटलं, पाच मिनिटं बसा, झालंच. बसल्या नाहीत. पोलीस आले.

नाही नाही, पोलीस ओरडले नाहीत, आजोबा म्हणूनच बोलले. कागदावर अंगठा घेतला. तो कागद मुलानं वाचला आणि भिंतीला टेकून खाली बसला. आणखी एक तक्रार आली तर तिघांनाही हा देश सोडावा लागेल — त्याची नोकरी, सूनबाईचं दवाखान्यातलं काम, सगळं गेलं. म्हणाला, बाबा, आम्ही कामावर असताना बाहेर पडू नका. मी हो म्हटलं. पण गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावर एक खिडकी सारखी आपटत होती... नुसता बघायला गेलो होतो हो. रंधा नेलाच नव्हता. म्हणजे नेला होता, पिशवीतून काढला नाही.

मुलाचं चुकलं असं नाही म्हणत मी. कडीचं बोलला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, एवढंच तर. जेवण झाकून ठेवणार आहेत. आग लागली तर, असं मनात आलंच तुमच्याही — आलं ना? मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका त्याला.

थांबा, तिथं नको. दोन बोटं वर घ्या. तिथं चौकटीचं लाकूड मऊ आहे, धक्का बसला की सैल होईल — म्हणजे मी देणार नाही धक्का, लाकडाचं सांगतोय. हां, इथं. घ्या स्क्रू. आता बसली. ओढून घ्या दार, घाला कडी, मी आत थांबतो.

येतंय हो ऐकू, बोला. — त्या बाई? भेटल्या ना. काल जिन्यात थांबलो होतो त्यांच्यासाठी, म्हटलं माफी तरी मागावी. त्यांनी दार उघडलं, जरासुद्धा घासलं नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दार छान लागतं आता, बाबा. पण परत माझ्या दाराशी येऊ नका."