मामेची अंगठी आणि माझा उजवा हात

हात नको. राग मानू नका, पण हात नको. अभिनंदन तोंडानं करा, पोचतं मला, लांबून मान डोलवा, पण हा उजवा हात आता खिशातच राहणार... आणि तसं पाहिलं तर अभिनंदनही नकोच, कारण ज्या गोष्टीसाठी तुम्ही उठून माझ्या टेबलापाशी आलात ना, "वा झेलिग, बायकोवर जीव असावा तर असा", त्याच गोष्टीपायी महिनाभर मला घास गोड लागत नाही. अख्ख्या ब्रुकलिनमधल्या बायका माझं नाव घेऊन नवऱ्यांना टोमणे मारतायत, आणि इथं मला तोंड लपवायला जागा नाही. बसा. आलाच आहात तर सांगतो. हात मात्र नको.

आता आमच्या सत्तेचाळीसाव्या गल्लीत, म्हणजे हिऱ्यांच्या बाजारात, हात म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. हिऱ्याचा सौदा होतो तेव्हा कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. समोरच्यानं हात पुढे केला, तुम्ही धरला, दोघंही "मझल" म्हणालात, म्हणजे नशीब उजळो, बास, सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरणं नाही. आम्ही ज्यू तर म्हणतोच, पण आमच्या गल्लीतले पालनपूरचे जैनसुद्धा मझलच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा स्पष्ट म्हणतात. ज्यानं शब्द फिरवला त्याला दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणी पाणी विचारत नाही. हात मिळवला, मझल म्हटलं, संपलं.

तर आमचा नफ्ताली. एकुलता एक. वय एकतीस, बालवाडीत मास्तर. आता एकतिशीत लग्न न झालेला मुलगा म्हणजे आमच्यात... जाऊ द्या, त्याच्या आईच्या कानावर नको. गुणी आहे हो पोरगा, पण हिरेवाल्याच्या घरात वाढून त्याला भाव करता येत नाही! टरबूजवाला पाच म्हणाला की हा पाच देतो आणि वर थँक्यू म्हणतो. मी त्याला कितीदा म्हटलं असेल, "नफ्ताली, तू माझा मुलगा की टरबूजवाल्याचा?" तो नुसता हसतो. अशा पोराला देवानं तिर्झा नावाची मुलगी गाठून दिली, शहाणी, नाकीडोळी नीटस, आणि ती आमच्या घरी आली, माझ्या आईशेजारी बसली, आईच्या बोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला नवी अंगठी नको. अशी द्याल?"

अशी कशी, तीच! मामेनं, म्हणजे माझ्या आईनं, तिथल्या तिथं मोरीशी जाऊन साबण लावून अंगठी काढली. "माझ्यामागं तिचीच होणार होती," म्हणाली, "आत्ता दिली तर डोळ्यांनी बघेन तरी."

ती अंगठी माझ्या वडिलांनी, तातेंनी, एकोणीसशे चोपन्न साली घातलेली. ताते दुसऱ्यांच्या हिऱ्यांना पैलू पाडायचे, हा एक त्यांनी स्वतःसाठी पाडला. मध्ये गोल हिरा, दोन्ही अंगांना लांबट हिरकण्या, आणि हिऱ्याभोवती पांढऱ्या सोन्याची चकचकीत झालर. त्या काळी तशीच रीत होती, झालरीच्या चमकीनं हिरा असतो त्याहून मोठा दिसतो. मामेनं ती कणीक मळताना काढली नाही, भांडी घासताना काढली नाही, आतून पार झिजून तारेसारखी झालेली. आणि मामेचं त्या हिऱ्यावर भारी शास्त्र. हिऱ्यावर फुंकर घाला, खरा असेल तर वाफ टिकत नाही. हिरा ओठाला लावा, गार लागला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आमच्यात म्हातारी माणसं सांगतात, मोठ्या पुजाऱ्याच्या छातीवर हिरा असायचा, आरोपी समोर आणला की निर्दोष असेल तर हिरा लखलखायचा, आणि गुन्हेगार असेल तर मंदावायचा. लहानपणी घरातलं बिस्किट गेलं की मामे अंगठी माझ्या नाकासमोर धरायची. हिरा मंदावायच्या आत मी कबूल करून मोकळा व्हायचो.

रविवारी साखरपुडा. गुरुवारी मामेनं अंगठी माझ्या हातात दिली, म्हणाली, "धुऊन आण, आणि हिरा धरणारी एक आकडी सैल झालीय ती बसवून घे." एवढंच काम. आलो गल्लीत, काउंटरवर बसलो, अंगठी फडक्यावर ठेवली, आणि समोरच्या काउंटरवरनं बेरेल बोलला. हा बेरेल म्हणजे माझा शेजारी, प्रार्थनेला माझ्याच बाकावर बसतो आणि बोलतो ते नाकातून.

"झेलिग, कितीला?"

"विकायची नाही. मामेची आहे."

"नाही ना विकायची? मग आकडा सांगायला काय जातंय?"

आणि तुम्हाला सांगतो, तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला हाड असतं तर ती माझी जीभ कसली. मी आकडा सांगितला. बेरेल हसला. म्हणजे तोंडानं नाही, नाकानं. "झालरच झालर दिसतेय," म्हणतो, "हिरा कुठं ठेवलाय?" आता माझ्या मेलेल्या बापानं पाडलेला हिरा, आणि त्याला हा असं बोलणार? मी म्हटलं भिंग लाव, बघ पैलू. तो म्हणाला बघितले, आणि त्यानं निम्मा आकडा सांगितला. निम्मा! माझं डोकं फिरलं. मी तातेंचं नाव काढलं, चोपन्न सालचं काम काढलं, असे हात आता राहिले नाहीत म्हणालो, तो थोडा चढला, मी जागचा हललो नाही, तो आणखी चढला, मी अंगठी डबीत घालायचं नाटक केलं, आजूबाजूचे चार जण माना लांब करून बघायला लागले, आणि शेवटी बेरेल, तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात न चढलेला बेरेल, माझ्या आकड्यावर आला. माझ्या! त्यानं हात पुढे केला. "मझल." आणि हा हात... हा बघा, हाच मेला... पुढे झाला.

हात मिळवला, मझल म्हटलं, संपलं.

आणि लाज कशाची वाटते सांगू? विकली याची वाटतेच. पण त्यानंतर मी काय केलं? मी खूश झालो. पैशाचं पाकीट खिशात टाकलं, चार लोकांना हाक मारून सांगितलं, "बेरेलला लोळवला आज," आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन खसखशीचा केक मागवला, वर कॉफी मागवली, आणि बेकरीवाल्यालाही सगळा सौदा पहिल्यापासून ऐकवला. तो बिचारा सहज म्हणाला, "चांगला माल दिसतोय. कुणाचा होता?"

केक तसाच टाकला. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, माझी बेकरी सरकली. पळत सुटलो.

"बेरेल, अंगठी."

"गेली."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे विकली. मझल झालं."

"कुणाला?"

बेरेलनं भिंग डोळ्याला लावलं आणि दुसराच कुठला तरी खडा बघायला लागला. "गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही, झेलिग. तू सांगतोस?"

नाही सांगत. कुणीच सांगत नाही. मी त्याच्या विनवण्या केल्या, मामेची शपथ घातली, तो वर बघेना. आणि "शब्द फिरव" असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू? शब्द माझाही होताच की.

घरी सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण घरी फ्रेडा, म्हणजे माझी बायको, कूगल म्हणून आमचा भाजलेला पदार्थ असतो, त्यासाठी बटाटे किसत होती, मामे नव्या टोपीला पिना लावत बसली होती, आणि दोघी मिळून तिर्झाच्या बोटाच्या मापावरून भांडत होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी देता का कुणी?"

मग शुक्रवार. आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो, त्यानंतर पैशाला हात लावणं नाही, सौदा नाही, आणि तो सुटतो तेव्हा शनिवारची रात्र, गल्ली बंद. म्हणजे जे करायचं ते सूर्य असेतो. मी अख्खी गल्ली पालथी घातली, त्याच काळातली, तशीच झालरवाली अंगठी शोधत. होय, मामेच्या हातात नकली... नकली नाही हो, हिरा खरा, पण दुसरीच अंगठी द्यायची, असं मी ठरवलं होतं. आता बघा माझ्याकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शेवटी पालनपूरच्या जसुभाईंकडे एक सापडली, सूर्य समोरच्या इमारतीमागं चाललेला, त्यांनी आकडा सांगितला आणि मी म्हटलं, "बरं." जसुभाईंनी चष्मा काढला. "झेलिगभाई, तब्येत बरी आहे ना? घरी कुणी आजारी?" मी म्हटलं, द्या हो लवकर. बेरेलचं पाकीट तसंच्या तसं त्यांच्या हातात ठेवलं. हात मिळवला, मझल म्हटलं, संपलं.

रात्री जेवायला बसलो. मेणबत्त्या, पांढरी चादर, सगळं पवित्र, आणि मामे विचारते, "अंगठी धुतलीस?"

"धुतली."

"दाखव."

"डबीत बंद करून ठेवलीय, मामे. रविवारीच उघडू. उगाच दृष्ट नको."

"थू थू थू," मामे म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. शब्बाथच्या ताटावर आईशी खोटं बोललो, आणि वर मासा खाल्ला.

रविवार उजाडला. हॉल भरलेला, एका टेबलावर खारवलेले मासे, दुसऱ्यावर केक, आणि बेरेल, तोही आलेला, माशांच्या टेबलापाशी. आमच्यात साखरपुड्याला मुलगा स्वतः अंगठी घालत नाही, तेवढ्यानं लग्नच लागलं असं होईल म्हणून घरातल्या बाईनं घालायची. कुणी घालायची? मामेनं. जिनं ती अंगठी जन्मभर बोटात वागवली तिनं. ती खुर्चीत बसली, शेजारी तिर्झा, आणि मामेनं माझ्यापुढे हात पसरला. "आण." मी डबी काढली. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी भाडं देऊन राहिलो असतो.

तेवढ्यात नफ्ताली पुढे झाला. माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताते, ही कुठली डबी काढलीत? अंगठी तुम्ही मला दिली होती ना सांभाळायला? विसरलात?" आणि त्यानं खिशातून मामेची अंगठी काढली. तीच. आतून झिजलेली, आकडी बसवलेली, धुतलेली.

मामेनं ती घेतली. फुंकर घातली, बघितलं. ओठाला लावली. मग मान वर करून ती अंगठी माझ्या नाकासमोर धरली.

"आज जरा मंद वाटतोय रे, झेलिग."

"दिवे कमी आहेत, मामे."

"हो का," मामे म्हणाली आणि मुलीच्या बोटात अंगठी घातली. मग दोन्ही विहिणींनी रीतीप्रमाणे बशी फोडली, लोक ओरडले, नाचले. मला वाटलं, सुटलो. सुटतोय कसला! फ्रेडा माझ्या हाताकडे बघत उभी. "मग या डबीत काय आहे?"

आता ऐका. हिरेवाल्याची बायको ती, पण दिव्याखाली अंधार. तिच्या बोटातली अंगठी मी दोनदा विकली आहे, गिऱ्हाईक चांगलं आलं म्हणून. गेली कित्येक वर्षं ती बोटात साधं वळं घालून हिंडते आणि चकार शब्द काढत नाही. आणि समोर सगळा हॉल, व्याही, विहीण, बेरेल तोंडात मासा धरून... मी काय बोलणार? "ती," मी म्हटलं, "ती तुझी."

बायका रडायला लागल्या. विहीणबाईंनी आपल्या नवऱ्याकडे असं बघितलं की तो माणूस अजून माझ्याशी बोलत नाही. आणि हेच ते तुमचं अभिनंदन.

नफ्तालीला मी कोटांच्या खोलीत गाठलं, तेव्हा कळलं. गुरुवारी पोरगा मला शाळेतून भेटायला आला होता, मी काउंटरवर नव्हतो, मी केक खात होतो, आणि समोर बेरेलच्या फडक्यावर त्याला आजीची अंगठी दिसली. घरासाठी पैसे साठवलेले होते त्यातून त्यानं ती विकत घेतली, आणि तातेंना, कुणालाच काही सांगू नका म्हणून बेरेलला गळ घातली.

"किती मागितले त्यानं?"

त्यानं आकडा सांगितला. मी कोटांना टेकलो.

"आणि तू किती म्हणालास?"

"हो म्हणालो."

"अरे गाढवा, पहिला आकडा तो! पहिल्या आकड्याला कुणी हो म्हणतं का? बेरेल स्वतः उतरला असता!"

"ताते," तो म्हणाला, अगदी हळू, बालवाडीतल्या पोरांशी बोलतो तसं, "आजीची अंगठी होती. तिचा भाव कसा करू?"

मी केला होता. त्याच अंगठीचा मी भाव केला होता, आणि जिंकलो होतो. तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. एकतीस वर्षं ज्या पोराला टरबुजावरनं हसलो त्याच्यासमोर मान वर होईना. मी म्हटलं, पैसे मी भरतो, एकेक डॉलर भरतो, तर म्हणतो कसा, "राहू दे, ताते. हात मिळवला, मझल म्हटलं, संपलं."

तरी इथवर ठीक होतं. परत येताना गाडीत फ्रेडा बोट असं समोर धरून बसलेली. येणाऱ्या जाणाऱ्या दिव्यात वळवून वळवून बघतेय. आणि म्हणाली, "झेलिग, खरं सांग. कितीवर आणलंस त्याला?"

"कुणाला?"

"विकणाऱ्याला. किती उतरवलंस?"

मी म्हटलं, झालं तेवढं खोटं पुरे. आता एक तरी खरं बोलू. "उतरवलं नाही," मी म्हणालो. "त्यानं सांगितले तेवढे दिले."

मी तिच्याकडे वळलो. बघतो तर डोळ्यांना धार लागलेली. "तेहतीस वर्षं," ती म्हणाली, "तेहतीस वर्षांत माझ्यासाठी भाव न करता आणलेली ही पहिली वस्तू."

आता तुम्हीच सांगा. शुक्रवार होता, सूर्य बुडत होता, भाव करायला वेळच नव्हता, हे मी तिला कसं सांगू? एक खरं बोललो आणि तेच सगळ्यात मोठं खोटं झालं. मी तोंड उघडलं... आणि तिनं हात पुढे केला. आणि हा माझा हात, खिशात ठेवायचा राहून गेलेला, पुढे झाला... ती म्हणाली, "मझल."

संपलं.