शंभूचा मंगळवार

माझा जन्म दिल्लीचाच, कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसच्या क्वार्टर्समधला. वडील तिथे आचारी, मूळचे साताऱ्याकडचे, आणि त्यांचं एकच म्हणणं, दारात आलेला उपाशी जाता कामा नये, मग तो मंत्री असो की त्याचा ड्रायव्हर. मी काही आचारी झालो नाही. गुडगावच्या पुढे तेव्हा एक छोटं झू होतं, आता तिथे टॉवर उभे आहेत, तिथे मी कीपर म्हणून लागलो.

त्या वर्षांत बाहेरून सगळंच यायला लागलं होतं, गाड्या काय, टीव्ही काय, तसा हा जग्वारही आला. लोक म्हणायचे तेंदुआ है, म्हणजे बिबट्या, मी सांगायचो, नाही हो, ठिपक्यांच्या गोलात आणखी ठिपका बघा. मी त्याचं नाव शंभू ठेवलं. पहिले चार महिने त्याने माझ्याकडे पाठच केली. काय सांगू तुम्हाला, मी रोज पिंजऱ्यापाशी बसून त्याच्याशी मराठीत बोलायचो, बायकोचं, घरचं, पोरं हिंदीतच उत्तर देतात त्याचं, आणि एक दिवस तो उठला आणि जाळीला अंग घासून गेला. मग काय, ये रे शंभू म्हटलं की आतल्या खोलीत यायचा, दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही.

आता झूचा नियम असा, की मांस खाणाऱ्या जनावराला आठवड्यातून एक दिवस उपास, पोटाला बरं असतं. आमच्याकडे मंगळवार. बाकीचे कीपर म्हणायचे, चलो, बजरंगबलीचा दिवस, हाही व्रत करतो. पण शंभू मंगळवारीही जाळीशी येऊन बसायचा, बघत राहायचा, आणि मला वडील आठवायचे. मग मी मूठभर मांस आत सरकवायचो. दर मंगळवारी. मला वाटायचं पुण्य करतोय, असा मी मूर्ख.

मग त्याची दाढ सुजली. झूच्या डॉक्टरसाहेबांनी मंगळवारच ठरवला, भूल द्यायची तर पोट रिकामं पाहिजे. सकाळी शंभू आत येईना, दुखत होतं ना त्याला, मी हाक मारली, मऊ तुकडे टाकले, तेव्हा आला, खाल्ले. डॉक्टरांनी विचारलं, कुछ खाया तो नहीं? मी म्हटलं, नहीं साहब, आज तो फास्ट है. नोकरी जाईल, बस, एवढीच भीती. भूल चढल्यावर त्याला उलटी झाली ती छातीत गेली. तो गेला तेव्हा माझा हात त्याच्या मानेवर होता, मध्ये जाळी नसताना पहिल्यांदाच.

कागदावर लिहिलं गेलं, औषध सोसलं नाही. डॉक्टरसाहेब कितीतरी दिवस औषधाच्या डोसची वही उघडून बसायचे, कुठे चुकलो म्हणायचे. मी त्यांच्यापुढे चहा ठेवायचो आणि बाहेर यायचो.

आता इथे दिल्लीतल्याच द्वारकेत मुलाकडे असतो. मंगळवारी मी काही खात नाही. सून विचारते, बाबा, हा कुठल्या देवाचा? मी काहीतरी सांगून टाकतो.

ते डॉक्टर आहेत अजून, नोएडाला असतात, थकलेत. तुम्ही हे लिहिताय ना, मग छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवा, मला काय म्हणतील ते म्हणोत. देव त्यांना आयुष्य देवो, निदान तुम्ही पोचेपर्यंत.