आत्याला विचारून बांधलेलं घर

...अहो, घर दिलं याचा राग नाही हो आमच्या आत्याला, विचारून दिलं याचा राग! तुम्हाला सांगतो, आम्ही या मुलखातले मूळचे लोक, आमच्या आधी इथं फक्त डोंगर आले होते, पण तेव्हापासून आम्हाला कुणी काही विचारल्याचं आत्याला आठवत नाही. सांगितलं मात्र पुष्कळांनी... 'इथून उठा', 'तिथं बसा', 'इथं अंगठा करा'! मागं एका साहेबानं वस्तीला घरं बांधली, तर दार इतकं अरुंद की आजारी आजोबांना खाटेसकट बाहेर काढायला खिडकी फोडावी लागली, आणि साहेब वर म्हणतो कसा, "या लोकांना घरात राहायची सवयच नाही!" आता बोला!

तर अशा आत्याच्या दारात एक दिवस घरबांधणी खात्याच्या इंजिनीअर बाई आल्या, खाली मांडी घालून बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आत्या, तुम्हाला घर कसं हवं?" झालं! आत्यानं मला कोपऱ्यात ओढलं. "ऐकलंस? विचारतेय! कुठंतरी पाणी मुरतंय!"

म्हटलं, "अगं, चांगल्या असतील." तर म्हणते, "चांगली माणसं सरकारी जीपमधून येतात होय रे?"

मग तिनं बाईंची परीक्षाच घेतली. दार डोंगराकडे हवं! बाई म्हणाल्या, "बरं." चूल बाहेर पडवीत हवी, धुरानं डोळे गेले आमचे! "बरं." पाहुण्यांना आम्ही हाकलत नाही, सगळे आडवे होतील एवढी ओसरी हवी! "बरं." आत्याचा चेहरा पडत चालला हो... एखादी गोष्ट तरी नाकारशील की नाही गं बये? आणि घराचा हप्ता आमच्या मजुरीत बसेल एवढाच हवा! "तेच तर आमचं काम, आत्या." बाई गेल्या आणि आत्याला जेवण जाईना!

काम सुरू झालं, तर ही रोज गवंड्याच्या डोक्यावर उभी. "सिमेंट किती घालतोस रे?" "जेवढं घालायचं तेवढं, आत्याबाई." "का?" घर उभं राहिलं तशी शिडी लावून वर चढली, छपरावर बादल्याच्या बादल्या ओतल्या, खाली येऊन आढ्याकडे बघत बसली. थेंब नाही! म्हटलं, "पटलं आता?" तर डोळे बारीक करून म्हणते, "एवढं पाणी ओतलं, गेलं कुठं? कुठंतरी मुरतंयच की!"

शेवटी राहायला गेली, चार दिवसांत रुळलीही. पण बाई पुन्हा हजर! "आत्या, आता शहरातल्या तुमच्या माणसांसाठी बांधायचंय, पण आम्हाला कुणी काही सांगतच नाही, आणि सांगितलं नाही तर वरचे साहेब जुन्याच नकाशावर बांधून मोकळे होतील... तुम्ही विचाराल?" जुना नकाशा म्हणजे ते अरुंद दार! आत्या उठली.

गेलो शहरात माझ्या बहिणीकडे. ती दवाखान्यात साफसफाईला, राहते तळघरात, भिंती ओल्याकिच्च, पोर बारा महिने खोकतंय. दुसरीकडं बघावं, तर घरमालक फोनवर म्हणतो, "आहे की खोली, या ना!" आणि तोंड बघितलं की, "अरेरे, आत्ताच गेली हो!"

आत्या खाली मांडी घालून बसली. "पोरी, तुला घर कसं हवं?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, दार लावून घेतलं. "आत्या, खरं सांग, त्यांनी तुला काय कबूल केलंय?"

"काही नाही गं, शपथ!" आत्या हलेचना... चहा निवला, पोर खोकून खोकून झोपलं, तेव्हा कुठं बहीण हळूच म्हणाली, "खिडकी... उघडणारी."

आत्या म्हणाली, "बरं."

"बरं? लगेच बरं?" बहीण ताडकन उभी! "दादा, हिला घेऊन जा! कुठंतरी पाणी मुरतंय!"

बाहेर जिन्यावर आत्या बसून राहिली. अजून अख्ख्या गल्लीला विचारायचं होतं. चप्पल चढवता चढवता मला म्हणते, "तिचं काय चुकलं रे? मीसुद्धा मला काही सांगितलं नसतं!"