सिद्धवटावरचे कावळे

एकमेकांवर केस केलेली ती चुलत भावंडं कोर्टात एकाच ऑटोनं आली आणि एकाच बाकावर बसली. शेजारी आपल्या पेशीची वाट बघणाऱ्या प्रतिभाताईंनी जपमाळ थांबवली.

"ताई, आपसात निपटवून टाकू ना," भाऊ बहिणीला म्हणाला.

"निपटवू. आधी सांग राजस, बाबांच्या दहाव्याला काय झालं? आम्ही बायका घरीच होतो."

"किती वेळा सांगू? पिंड ठेवला, हात जोडून म्हणालो, काका, भैरवगढची जमीन आता मी सांभाळतो. लगेच कावळा शिवला. काकांची मर्जी स्पष्ट आहे."

"लगेच?"

"एकदम."

"मग घरी यायला दुपार का उलटली?"

"रस्त्यात जाम होता."

"सिद्धवटाच्या घाटावरून घरापर्यंत?"

"वकिलासारखी जिरह नको करू."

"दर्भाची अख्खी जुडी दिली होती मी. पिशवीत एक काडी परत आली नाही."

"लागला असेल."

"कशाला?"

"गुरुजींनी केलं काहीतरी."

"काय केलं?"

राजसनं फाइलची दोरी सोडली आणि परत बांधली.

"दर्भाचा कावळा केला ना? तोच शिववलात पिंडाला?"

"मग काय करणार? कावळेच नव्हते तिथे."

"सिद्धवटाला? कावळे नव्हते?"

आतून शिपायानं कुणाचं तरी नाव पुकारलं. ते प्रतिभाताईंचंच होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"होते, ताई. पिंडापाशी आले पण होते."

"मग?"

"मग मी जमिनीचं बोललो."