झाडीखालची वाट

घोटावड्याच्या बसथांब्यावर रांगेत एक म्हातारी पुढच्या तरुणाला विचारत होती.

"डोंगराची मोजणी करनारा तूच न्हवं? मी इंदूबाई, बौद्धवाडीतली."

"हो, मावशी. ड्रोनवरून लेसर सोडतो. किरण पानांच्या फटींतून खाली जातात आणि जमिनीचा चढउतार कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उभा राहतो."

"मग झाडीखालची आमची मसणवाट दिसली आसंल."

"दिसली ना. पायांनी पार खोलगट झालीय."

"डोंगर इकत घेतलेला तुजा मालक म्हनतो, तितं वाटच न्हाई. कुंपन घालाय निघालाय. तेवढं चित्र दे, तहसीलदाराला दावते."

"ते मला देता येत नाही. मालकाचं असतं."

"त्याच्या नकाशात तरी वाट हाय का?"

"त्यांनी तिथली जमीन सपाट दाखवायला सांगितली."

"आन् तू दावलीस."

"नोकरी आहे, मावशी."

"माज्या नवऱ्याला त्याच वाटंनं नेला. मलाबी तितनंच न्यायचंय. नाव काय तुजं?"

"कशाला?"

"वाट बघितलेला मानूस हाय, म्हून तहसीलदाराला सांगते."

"माझं नाव नका घेऊ."

"नको सांगू. गळ्यातल्या कार्डावर हाय, आन् मला वाचता येतं. पियूष नरहरी भोयर."