डाव्या खांद्याची रायफल

फेब्रुवारीत एका गुरुवारी सुहास गेला. तो इथे किलकेनी या आयरिश गावातल्या रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर होता, मी त्याच इमारतीत खाली प्रयोगशाळेत काम करते. फोन आला तेव्हा मी रक्ताच्या नळ्या यंत्रात लावत होते. मी वर गेले. हृदय बंद पडलं, असं सांगितलं. मी खाली आले, उरलेल्या नळ्या लावल्या आणि घरी गेले.

तुम्ही म्हणालात, सुरुवातीपासून सांगा. पण माझी सुरुवात आता तिथूनच होते, काय करू. त्याआधीचं सांगायचं तर मी नाशिकची. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे बारीक स्क्रू, चिमटे, भिंग यांची मला कधी भीती वाटली नाही. आई निफाडकडच्या खेड्यातली. लग्न झालं, सुहासला इथे नोकरी लागली, मीही आले, मुलगी इथेच झाली. ईरा तिचं नाव. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ते इथल्या मुलांसारखं, सूर लावून. बंदूक आमच्या दोन्ही घरांत कुणी हातात धरलेली नव्हती. आमच्याकडे शौर्य म्हणजे पाल झाडूनं बाहेर काढणं.

तर ते शिकारीचं कसं झालं, तर मॉसीमुळे. मॉसी आमच्या मागच्या रस्त्यावरचा शेतकरी, सत्तरीचा, बायको गेलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. त्याच्या मालकीची एक टेकडी आहे आणि तिच्यावर त्यानं ओकची कोवळी झाडं लावली आहेत. तिथे हरणं येतात. फॅलो म्हणतात त्यांना, आपल्या चितळासारखी ठिपक्यांची, पण नराची शिंगं फावड्यासारखी रुंद. ती साली सोलतात, झाड मरतं. इथे वाघ नाही, लांडगा नाही, तेव्हा हरणं कमी करायची तर माणसानंच करायची, परवाना घेऊन, हंगामात. सुहासला मॉसीनं एकदा सोबत नेलं आणि तो त्यात पडला तो पडलाच. दर शनिवारी जायचा आणि मी त्याच्याबरोबर जायची. मी गोळी कधी मारली नाही. मी चहाचा थर्मास आणि दुर्बीण घेऊन बसायची. पण हरीण आधी मला दिसायचं, हे खरं. तो म्हणायचा, डोळे तुझे, खांदा माझा.

सुहासची राख आम्ही नाशिकला गोदावरीत सोडली. परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की इथे त्याच्यासाठी जाऊन बसावं अशी जागाच नाही. रुग्णालयात कसं बसणार? घरात तर त्याच्या बुटांपासून सगळं अंगावर येतं. एक टेकडी तेवढी होती. मी तिथे जाऊन बसू लागले आणि एप्रिलमध्ये मॉसी काठी टेकत वर आला, टोपी काढली आणि म्हणाला, मला हे सांगायला आवडत नाही, पण डब्लिनच्या काही शिकारी मंडळींनी टेकडी मागितली आहे. कुणीतरी हरणं आवरायला हवीतच, निम्मी झाडं सोलली गेलीत. आणि एकदा ते लोक आले की बंदुका चालणार, मग तुला असं इथे बसता येणार नाही.

मी म्हटलं, मी आवरते हरणं.

तो हसला नाही, ते बरं झालं. तो एवढंच म्हणाला, तू? मी म्हटलं, हो, मी. त्यानं एका सोललेल्या खोडावर तळवा ठेवला. मग म्हणाला, सप्टेंबरात ये. माझ्यासमोर कागदावरच्या हरणावर तीन गोळ्या मार. माझ्या तळव्याखाली तिन्ही झाकल्या गेल्या तर टेकडी तुझी. नाहीतर त्यांची. जखमी हरीण माझ्या रानात मला चालणार नाही.

झालं. मी प्रशिक्षणाला गेले, पोलिसांकडे अर्ज केला, घरात बंदुकीसाठी लोखंडी तिजोरी होतीच, ती सार्जंट पुन्हा बघून गेला. सुहासची रायफल कायद्याप्रमाणे बंदूकवाल्याकडे ठेवलेली होती. ब्रेंडन त्याचं नाव. त्याच्या कोठारात लाकडाचा भुसा, तेलाचा वास, रेडिओवर हर्लिंगची, इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच. मला एकदम वडिलांच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. मी त्याला म्हटलं, मला हीच रायफल हवी, माझ्या मापाची करून दे.

ती होती थर्टी-ऑट-सिक्स, लांब काडतुसाची, जोरात धक्का देणारी. सुहास सहा फुटी, मी पाच फूट, तेही उदारपणे मोजलं तर. ब्रेंडननं मला आपादमस्तक पाहिलं आणि एक छोटी टू-फॉर्टी-थ्री पुढे केली, की ही बायका घेतात, धक्का कमी. मी विचारलं, टेकडीवर वारा असतो, गोळी हलकी असली तर वाऱ्यानं जास्त सरकते ना? तो म्हणाला, सरकते. आणि मोठा नर तिरका उभा असेल तर? म्हणाला, तर वजनदार गोळी बरी. मग मी म्हटलं, बायका काय घेतात ते राहू दे, टेकडीला काय लागतं ते दे. त्यावर तो पहिल्यांदा हसला. पुढे एकदा त्यानंच सांगितलं, आफ्रिकेत मध्यम म्हणतात त्या बंदुका याहून दांडग्या, पण इथल्या हरणाला आणि इथल्या कायद्याला तीनशे आठाची, म्हणजे पेन्सिलीएवढ्या भोकाची नळी पुरते. त्याच्या वर गेलीस तर तिकडच्या रानम्हशी शोधायला जावं लागेल.

मग त्यानं विचारलं, उजवी ना तू? मी म्हटलं, हो. जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं, आणखी काय असतं? त्यानं दस्त्यामागची रबराची गादी काढून पातळ बसवली आणि म्हणाला, लाकूड कापलं की परत जोडता येत नाही, आधी तुला मारताना बघतो.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसाचं. नेमबाजीच्या मैदानावर लक्ष्य शंभर मीटरवर. पहिली गोळी कुठे गेली ते मला माहीत नाही, ब्रेंडनला माहीत नाही, त्या गोळीलाही नसेल. दुसरीच्या धक्क्यानं रायफलीवरच्या दुर्बिणीची कडा भुवईवर आपटली, रक्त आलं. तिसरी शेजारच्या माणसाच्या कागदाला लागली, तो म्हणाला, थँक्स, मला गरज होतीच. घरी गेले तर खांदा काळानिळा. ईरानं भुवई पाहिली आणि म्हणाली, मॅम, हू वन? म्हणजे, आई, मारामारीत जिंकलं कोण? पुढच्या आठवड्यात तसंच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तसंच. मला वाटलं, रायफल मला घेतच नाही. सुहासची आहे, तिला कळतंय की मी तो नाही. असले विचार येतात हो माणसाला.

जूनमध्ये ब्रेंडनच्या कोठारात मी बाकावर बसले होते, आता सांगून टाकते मॉसीला, असं मनात म्हणत. ब्रेंडन सफरचंद खात होता. दुसरं त्यानं न सांगता माझ्याकडे फेकलं. मी झेललं. तो चावायचा थांबला. म्हणाला, पुन्हा. पुन्हा फेकलं, पुन्हा झेललं. म्हणाला, बाई, तू दोन्ही वेळा डाव्या हातानं झेललंस. मग त्यानं मला दोन्ही तळव्यांची खिडकी करून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला, घड्याळ जागच्या जागी. डावा मिटला, घड्याळ गायब. तो म्हणाला, तू डावखुरी आहेस, हात डावा, डोळा डावा, आणि महिनाभर तू उजव्या खांद्यावर बंदूक ठेवून मान वाकडी करकरून डाव्या डोळ्यानं बघतेयस. तुला कुणी बदललं?

मी खोलवर विचार केला असं नाही, एकदम दिसलं. प्रयोगशाळेत पिपेट मी डाव्या हातात धरते. वडिलांच्या दुकानात चिमटा डाव्या हातात असायचा, तिथे कुणी बघायचं नाही. बघायचे ते ताटावर आणि देवासमोर.

आई तेव्हा माझ्याकडेच आली होती राहायला. मी घरी जाऊन विचारलं, आई, मी डावखुरी होते का? आई पोळी लाटत होती. म्हणाली, व्हतीस की. प्रसाद घ्यायला डावाच हात पुढं, चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी तुझा हात पदराला बांधून जेवायला बसवायची. दोन वर्षं लागली, लई हट्टी तू. मी म्हटलं, अगं, मग कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, बरी झालेल्या दुखण्याचं काय सांगायचं?

मी इतकी हसले की मला रडू आलं. सुहास गेल्यावर तशी हसले नव्हते. आई घाबरून म्हणाली, काय झालं गं, बंदुकीनं डोकं फिरलं का?

ब्रेंडनला सांगितलं तर तो म्हणाला, आम्हालाही शाळेत बाईंनी पट्टीनं बदललं, इथे डावखुऱ्याला कितोग म्हणतात आणि पूर्वी चांगल्या अर्थानं म्हणत नसत. मीसुद्धा कितोगच, बघ, म्हणून त्यानं कानस डाव्या हातात धरून दाखवली. नाशिकची मी आणि किलकेनीचा तो, दोघांची खोड एकाच पद्धतीनं मोडलेली.

पण मग अवघड गोष्ट आली. सुहासच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे दर गोळीनंतर मागे ओढायचा दांडा, उजव्या बाजूला. ती डावी होत नाही, कितीही कापा. ब्रेंडननं सावकाश सांगितलं. मी ती रायफल हातात घेतली, दस्त्यावर जिथे त्याचा गाल टेकायचा तिथलं पॉलिश पुसट झालं होतं, तिथे अंगठा ठेवला. आणि म्हटलं, ही बदल्यात घे. मला डावी दाखव.

आता रायफल निवडायची म्हणजे काय ते मला कळलं. डाव्या बोल्टची थ्री-ओ-एट घेतली. तिचा बोल्ट आखूड मागे येतो, माझ्या आखूड हाताला पुरतो. काडतुसं कुठेही मिळतात. नळी ब्रेंडननं थोडी आखूड केली आणि टोकाला सायलेन्सरसाठी आटे पाडले, म्हणजे झुडपात अडकायला नको, आणि आवाज नि धक्का दोन्ही कमी. मग दस्ता. मला भिंतीशी उभं करून, कोपर वाकवून, शिंप्यासारखं माप घेतलं आणि मागून लाकूड कापलं. गाल टेकतो तो भाग उंच केला, मूठ तासून बारीक केली, माझी बोटं चापापर्यंत पोचेनात म्हणून. चाप फार हलका करू नको, असं मीच म्हटलं. टेकडीवर थंडीत बोटं सुन्न असतात. तो म्हणाला, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, बसून बघितलंय इतकी वर्षं. शेवटी त्यानं डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. डोळे उघडले तर दुर्बिणीच्या बरोबर मधोमध डोळा. मान कुठेच वाकवावी लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वस्तू माझ्याकडे वळवली होती, मला वस्तूकडे नाही.

पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. ब्रेंडननं गाडीतला रेडिओ बंद केला.

सप्टेंबरात मॉसीनं कुंपणापाशी पुठ्ठ्याचं हरीण उभं केलं. डब्लिनच्या मंडळींपैकी एक जण आला होता, उंच, हिरव्या जाकिटातला, नम्र माणूस, उगाच वाईट बोलणार नाही. मॉसी त्याच्याकडे बोट करून मला म्हणाला, युवर मॅनला, म्हणजे इथल्या बोलीत ‘या बुवाला’, बघायचं होतं. आईही आली होती, शाल गुंडाळून, आणि ईरा तिला सगळं मराठीत सांगत होती! तुटक, पण मराठीत. तिपायी काठ्यांवर रायफल ठेवली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. तीनदा. मॉसी चालत गेला, आम्ही मागे. त्यानं पुठ्ठ्यावर तळवा ठेवला. एकही भोक दिसेना. तो म्हणाला, चुकल्या का सगळ्या? आणि तळवा उचलला. तिन्ही खाली होत्या. हिरव्या जाकिटातल्या माणसानं हात पुढे केला आणि म्हणाला, आम्ही दुसरी टेकडी शोधतो. मॉसी फक्त म्हणाला, ग्रँड. इथे याहून मोठी शाबासकी नसते. आईनं विचारलं, काय म्हणाला तो? ईरा म्हणाली, आजी, आई जिंकली.

पण खरं ते ऑक्टोबरात. साली सोलणारा थोरला नर आम्ही सगळे ओळखत होतो, सुहासलाही तो दोन हंगाम चकवून गेला होता. वारा तोंडावर घेऊन मी ओल्या गवतातून पोटावर सरकत गेले, नेहमीप्रमाणे आधी मलाच दिसला, फक्त आता सांगायला शेजारी कुणी नव्हतं. तो तिरका उभा होता. मी थांबले. पूर्ण आडवा वळला तेव्हा गोळी मारली. चार ढांगा टाकल्या आणि बसला, मग पडला. मी जवळ गेले, हात लावला, त्याची माफी मागितली आणि मोठ्यानं ओरडले, सुहास, पडला रे! खाली कुंपणापाशी मॉसीनं टोपी हवेत उडवली. पोट मी स्वतः साफ केलं, रक्ताचं मला काय. आईनं काळा मसाला घालून रस्सा केला. मॉसी दोनदा वाढून घेऊन घामाघूम झाला आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

देवानं सगळ्यांना आपापला खांदा सापडू द्यावा, असं मला वाटतं, दुसरं काय.

आता सुहास नाही. झाडांना नवी साल धरते आहे. टेकडी माझ्याकडे आहे, आणि शनिवारी मी तिथे जाते.